पन्नासच्या वर किंवा साठच्या खाली

१४ डिसेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. ही दुसऱ्या कुणी वाचायची नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारण नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट एकदाची लिहून संपवतो. अमडापूरच्या कबड्डी सामन्यांत गुण मांडायला मी होतो. फायनलची बेरीज चुकली. (बेरीज बरोबर होती, आकडे चुकीच्या रकान्यात होते.) मी माइकवरून हरलेल्या संघाला विजयी घोषित केलं. त्यांची डीजेसकट मिरवणूक निघाली, वेशीपर्यंत गेली, आणि मग ती परत बोलवावी लागली. निघालेली मिरवणूक परत बोलावणं फार अवघड असतं. तेव्हापासून हॉटेलवर बसलो की कुणीतरी विचारतं, सर, दोन चहा अन् दोन चहा किती होतात? मी हसतो. घरी येऊन लाज वाटते. त्यानंतर 'देवानंद मॅथ्स अकॅडमी'ची पोरंही कमी झाली, पण ते सोयाबीनच्या भावामुळे.

आज हिंमतरावांच्या अडतीत यंदाच्या सामन्यांची मीटिंग. आजवर नियम एकच होता : वजन साठ किलोपर्यंत. संघ पुरा करायला लोक चाळीस किलोची लेकरं उभी करायचे आणि ती खाली चेंगरायची. म्हणून यंदा खालचीही मर्यादा. पन्नासच्या वर, साठपर्यंत. दोन अटी! हे तर माझं क्षेत्र. पत्रक लिहायची जबाबदारी मागून घेतली. हिंमतराव थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, लिहिजा सर, पण औंदा तरी नीट लिहिजा.

यंदा एक मोठी गोष्ट आहे. अकोल्याच्या एका क्रीडा वसतिगृहाचे कोच सामने बघायला येणार आहेत, आणि तेही आमच्या कॅप्टनसाठी. कॅप्टन म्हणजे आमीर. पत्र्याच्या पेट्या बनवणारे फारुखभाई, त्यांचा मुलगा. बारावीला आहे, माझ्याच क्लासचा. पसंत पडला तर राहणं, खाणं, शिकणं सगळं तिकडे. मीटिंगनंतर फारुखभाईंनी माझा हात धरला. म्हणाले, सर, नियम असे बनवा का पोरगा बरोबरीच्याइसंगं खेळला पाहिजे, मंग त्याले कोणी रोखू शकत नाही.

निश्चय : यंदा चूक नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ६.३०

क्लासमध्ये दुहेरी असमानता चालू आहे. उद्या टेस्ट. उत्तरं स्वतः काढायची, गाइड उघडायचं नाही असं ठरवलं. (गाइड सापडतही नाही.)

पहिलंच गणित : −७ ≤ ३ − २x < ९. सगळीकडून तीन वजा केले. −१० ≤ −२x < ६. मग −२ ने भागलं. ५ ≤ x < −३. सुटसुटीत उत्तर.

६.५०

एक अडचण. x पाच किंवा पाचापेक्षा मोठा हवा, आणि वजा तीनपेक्षा लहानही हवा. असा आकडाच नाही. एकाच वेळी चिखलीच्या बसमध्येही बसायचं आणि मेहकरच्याही, असं झालं.

चहा घेतला.

७.१५

सापडलं! मधला शब्द 'आणि' धरल्यामुळे हा घोटाळा. तिथे 'किंवा' धरायचा. पाचाच्या वर किंवा वजा तीनच्या खाली. लगेच वाटेल तेवढे आकडे मिळाले. एवढी वर्षं शिकवतोय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. 'आणि' हा फार कंजूस शब्द आहे, कुणालाच आत येऊ देत नाही. 'किंवा'चं मन मोठं.

पडताळा घेतला नाही. पडताळा विद्यार्थ्यांनी घ्यायचा असतो.

१७ डिसेंबर, बुधवार

टेस्ट तपासली. रिझल्ट वाईट. आमीरकडून अपेक्षा होती, पण त्याने −२ ने भागताना दोन्ही चिन्हंच फिरवून ठेवली. त्याचं उत्तर : x हा −३ पेक्षा मोठा आणि ५ पर्यंत. वर 'आणि'खाली रेघ मारलेली. लाल पेनाने अख्खं कापलं.

सगळे गेल्यावर तो टेबलाशी आला. हळू आवाजात म्हणाला, सर, ऋण संख्येनं भागलं का चिन्ह उलटते ना? मी म्हणालो, चिन्ह म्हणजे काय तव्यावरची भाकर आहे, उलटायला? बाकीची पोरं दारात उभी होती, ती हसली. आमीरही हसला, हाव सर म्हणाला आणि सायकल घेऊन प्रॅक्टिसला गेला.

वाक्य चांगलं जमलं होतं. तरी दिवसभर जेवण गोड लागलं नाही. कांदा जास्त झाला असावा.

२० डिसेंबर, शनिवार

पत्रकाचा मसुदा तयार. आधी सवयीने लिहून गेलो, 'वजन पन्नास किलोच्या वर आणि साठ किलोच्या खाली.' मग मंगळवार आठवला. 'आणि' ठेवला असता तर मैदानात चिटपाखरू उरलं नसतं. वेळीच खोडलं. 'वजन पन्नास किलोच्या वर किंवा साठ किलोच्या खाली.'

कमिटीसमोर वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. हिंमतराव आपलं नाव येईपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. कॅप्टन म्हणून आलेल्या आमीरने मात्र कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला. एकदा तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. चांगलं लिहिलं सर, म्हणाला. हुशार पोरगा आहे, समजून घेतो.

२३ डिसेंबर, मंगळवार

एस.टी.ने चिखलीला जाऊन पत्रकं छापून आणली. फ्लेक्सही. खाली छोट्या अक्षरांत, 'नियमावली : गणिततज्ज्ञ प्रा. देवानंद सर'. हे छापणाऱ्याने आपणहून घातलं. (मी फक्त सुचवलं.)

बायकोने, धम्मशीलाने, वाचलं. विचारलं, प्रोफेसर कवा झाले? मी म्हणालो, क्लास घेणाऱ्याला लोक म्हणतात. ती म्हणाली, पहिले बी.एस्सी.चा राह्यलेला पेपर तं काढा. अठरा वर्षांचा जुना विषय काढायची तिला सवयच आहे.

फ्लेक्स बसस्टॉपवर लावला. मुद्दाम दोनदा समोरून गेलो.

निश्चय : नवीन वर्षात बी.एस्सी.

२ जानेवारी, शुक्रवार

प्रतिसाद जोरदार. आज मेहकरकडून वकारचा फोन. हा वकार दहा वर्षांपूर्वी माझ्या क्लासला होता. मागच्या बाकावर बसायचा, दहावीला गणितात काठावर पास झाला. आता तिकडच्या एका संघाचा मॅनेजर आहे. त्याने दोनदा विचारलं, सर, ते 'किंवा'च हाये ना? छापताना काही चुकलं तं नाही? मला राग आला. म्हणालो, माझ्या हातचं पत्रक आहे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तो खूप खूश झाला. सर, तुमचे उपकार विसरणार नाही, असं तीन वेळा म्हणाला.

गुरूची आठवण ठेवणारी पोरं आजकाल राहिली नाहीत, असं लोक म्हणतात. राहिली आहेत. डोळ्यांत पाणी आलं.

बी.एस्सी.चा फॉर्म पाहिला. साइट चालत नव्हती.

१० जानेवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण खोटं लिहायचं नाही असं पहिल्याच पानावर ठरवून बसलोय.

सकाळी हिंमतरावांच्या अडतीत सोयाबीनच्या काट्यावर खेळाडूंची वजनं. मापारी दयाराम आकडा ओरडणार, मी टिक करणार. आमचा संघ झाला, आमीर सत्तावन्न. अजून दोन-चार संघ झाले. मग मेहकरची जीप आली आणि तिच्यातून वकारचा संघ उतरला. उतरेपर्यंत जीप हळूहळू वर येत होती.

पहिला काट्यावर चढला. दयारामने आकडा वाचला, पुन्हा वाचला, काट्याला एक थाप मारली आणि ओरडला, ब्याण्णव! मग आपलं आपणच म्हणाला, बापा, दीड पोतं भरलं.

मी म्हणालो, बाद. वकारने खिशातून पत्रक काढलं. अतिशय अदबीने बोलत होता, तेच जास्त लागलं. सर, ब्याण्णव पन्नासच्या वर हाये का नाही? आहे. मंग झालं ना. तुमीच शिकवलं होतं, 'किंवा' असलं का दोनपैकी एक खरं असलं तरी पुरे. मग त्याने संघातलं सगळ्यात बारकं पोरगं पुढे केलं. बेचाळीस किलो. म्हणाला, हे साठच्या खाली हाये. हेबी चालते.

हमालसुद्धा पोती सोडून बघत होते. मी मनातल्या मनात एकेक आकडा घालून पाहिला. पाच किलो, चालतंय. पाचशे किलो, चालतंय. हिंमतरावांचा बैल चालतोय. माझ्या नियमात न बसणारं जगात काहीच नव्हतं.

हिंमतराव म्हणाले, सर, चुकलं असंन तं चुकलं म्हना, आत्ताच्या आत्ता बदलू. कोणी काही म्हनत नाही.

एवढंच म्हणायचं होतं. चुकलं. पण दारात हॉटेलवालाही उभा होता, दोन चहा अन् दोन चहावाला. मला एकदम ती मिरवणूक आठवली, वेशीवरून माघारी फिरलेली. तोंडातून निघालं, तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे.

हिंमतरावांनी मान खाली घातली. जमलेल्यांत आमीर होता. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. तो असा बघत होता, जणू माझ्याजवळ अजून काहीतरी उत्तर शिल्लक असेल.

११ जानेवारी, रविवार

सामने.

दुपारी तीनला कोच आले. बरोबरीच्या संघांशी आमीर सुरेख खेळला होता, पण ते सकाळी. कोचना बघायला मिळाला तो वकारच्या संघाशी झालेला सामना.

ब्याण्णववाला चढाईला आला. आमची पोरं मागे सरली. आमीर सरला नाही. कोच बघत होते ना. त्याने खाली झुकून घोटा धरला, बरोबर धरला, सगळं बरोबर केलं. तो माणूस त्याच्या अंगावर पडला.

आवाज मला मांडवामागे ऐकू आला. मांडवामागे मी पाण्याचे जार मोजायला गेलो होतो. (जार मोजायचे नव्हते.)

खांद्याजवळचं हाड. फारुखभाई त्याला जीपने चिखलीला घेऊन गेले. जीप वकारने दिली. जाताना वकार मला म्हणाला, सर, मले वाटलं तुमी अडतीत नाही म्हनसान. नाही म्हनले असते तं मी हलकी पोरं आनली होती ना जीपमध्ये.

कोचनी बसस्टॉपवरच्या फ्लेक्ससमोर उभं राहून विचारलं, हा नक्की कोणता वजनगट आहे? कुणीतरी म्हणालं, ते सरांना विचारा. सर सापडले नाहीत.

१३ जानेवारी, मंगळवार

विचार केला. एकट्या माझा दोष नाही. एक, वकारने नियमाचा गैरफायदा घेतला. दोन, कमिटीने मसुदा वाचायला हवा होता. तीन, मैदानावर पाणी कमी मारलं, जमीन कडक होती. धम्मशीलाला हे तीन मुद्दे सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी चौथा मुद्दा सांगितला नाही.

रात्री ११.००

पडताळा घेतला. महिना झाला, आज घेतला.

३ − २x मध्ये x शून्य घातला. उत्तर तीन. तीन हा −७ आणि ९ च्या मध्ये आहे. म्हणजे शून्य चालतो. माझ्या उत्तरात शून्य कुठेच नाही. मग सहा घातले. माझ्या उत्तराप्रमाणे सहा चालायला हवेत. तीन वजा बारा, वजा नऊ. चालत नाहीत. म्हणजे चालतो तो मी बाहेर ठेवला आणि चालत नाही त्याला आत घेतलं.

आमीरच्या उत्तरात शून्य आहे आणि सहा नाही.

ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं. ते मी उलटलं नाही. उलटलं नाही म्हणून 'आणि'त कुणी मावेना. मावेना म्हणून 'किंवा' आणला, आणि तोच 'किंवा' पत्रकात गेला, फ्लेक्सवर गेला आणि ब्याण्णव किलो घेऊन मैदानात आला. सगळ्याचं मूळ त्या मंगळवारच्या सकाळी आहे. त्या वेळी शून्य घालून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

फार लाज वाटते आहे. गेल्या वर्षीची लाज लोकांसमोरची होती. ही घरात एकटा बसलोय तरी जात नाही.

निश्चय : फारुखभाईंकडे जायचं. सगळं सांगायचं. पोराची माफी मागायची. आणि ते कापलेलं उत्तर, तेही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सणाच्या दिवशी कुणाच्या घरी वाईट बोलू नये. उद्या.

१५ जानेवारी, गुरुवार

गेलो. वाटेत तिळगुळाऐवजी केळी घेतली, हाडाला चांगली असतात.

वाक्य पाठ केलं होतं : फारुखभाई, चूक माझी. तीनच शब्द. दारात पत्रा ठोकायचा आवाज येत होता. फारुखभाईंनी हातोडी ठेवली आणि माझ्यासाठी आतून खुर्ची आणली. ते म्हणाले, गावातून कोणी यिऊन नाही राह्यलं सर, तुमीच आले, पोराले धीर द्याले. आता माणूस असं बोलल्यावर काय करणार? आमीरच्या आईने, गुलनाजभाभींनी, चहा पाठवला. मी चहा घेतला. बिस्किट घेतलं. दुसरंही घेतलं.

आमीर पलंगावर बसून होता, हात गळ्यात. वसतिगृहाची निवड पुढच्या मंगळवारी आहे, हाडाला दीड-दोन महिने लागतील. फारुखभाई म्हणाले, नसीब. मी मान हलवली. कोणाच्या नशिबाला मी मान हलवली, हे मला माहीत होतं.

मग आमीर बोलला. म्हणाला, सर, पत्रक वाचलं तवाच मले वाटलं होतं, इथं 'आणि' पाहिजे. मी विचारलं, मग बोलला काऊन नाही? (काऊन म्हणालो. प्रसंगी मी आपल्या भाषेवर येतो.) तो म्हणाला, टेस्टमध्ये तुमी माझं कापलं होतं ना. मले वाटलं, माझंच गणित कच्चं हाये. सरनं लिहिलं म्हंजे बरोबरच असंन.

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. उलट मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाला, आता नाही चुकत सर. सोमवारी कॉलेजची चाचणी झाली, डाव्या हातानं लिहिली. त्यात असंच गणित होतं. चिन्ह नाही फिरवलं अन् 'किंवा' लिहिलं. तुमी शिकवलं तसं.

मी उठलो. शाब्बास म्हणालो.

शाब्बास म्हणालो! रस्त्यात लक्षात आलं. परत फिरलो. फारुखभाईंच्या दारापर्यंत गेलो, हातोडीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. कामात व्यत्यय नको म्हणून घरी आलो.

धम्मशीलाने विचारलं, सांगितलं का? तिला कसं कळलं कोण जाणे. मी म्हणालो, बोलणं झालं. ती म्हणाली, पडले तरी नाक वर. नाक वर नव्हतं. पण तिला ते कसं सांगणार?

१७ जानेवारी, शनिवार

नवीन प्लॅन. व्यक्तिगत माफी मागण्यापेक्षा क्लासमध्ये शैक्षणिक पद्धतीने सुधारणा करावी. त्यामुळे विषय व्यक्तीचा राहत नाही, गणिताचा होतो. सोमवारी फळ्यावर तेच उदाहरण, बरोबर रीतीने. मग सर्वांसमोर सांगायचं, की मागच्या वेळी माझं चुकलं होतं आणि आमीरचं बरोबर होतं. सर्वांसमोर. हे ठरलं.

आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. जमलं.

१९ जानेवारी, सोमवार

पाच पोरं. आमीर आला होता, हात गळ्यात. पहिल्या बाकावर बसला आणि डाव्या हातात पेन धरलं.

फळ्यावर उदाहरण मांडलं. तीन वजा केले. −२ ने भागलं आणि दोन्ही चिन्हं उलटली. मध्ये 'आणि' लिहून खाली रेघ मारली. खडू मोडला.

एका पोराने विचारलं, सर, मागच्या वेळी तं तुमी म्हनले होते, चिन्ह म्हणजे काय भाकर हाये?

हाच तो क्षण. वाक्य पाठ होतं. मी म्हणालो, अभ्यासक्रम बदललाय. नवीन पद्धत आली आहे.

पोरांनी माना हलवल्या आणि वह्यांत लिहून घेतलं, 'नवीन पद्धत'. आमीर लिहीत नव्हता. फळ्याकडे बघत होता, ओठ हलत होते. त्याने शून्य घातला असणार. मग सहा.

पोरं गेली. तो थांबला. विचारलं, सर, म्हंजे त्या दिवशी माझं बरोबर होतं का?

मी हो म्हणालो. इतक्या हळू म्हणालो, की त्याने विचारलं, काय म्हनले सर?

मी डस्टर घेतलं आणि फळा पुसत बसलो. तो बराच वेळ मागे उभा होता. मग त्याच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला. फळा कधीचाच कोरा झाला होता.